‘हातांना मऊ’ ही ओळ मी जुळवली होती

"मारुती, शुभ्रलताचं पाकीट काढ. पहिल्या ऑर्डरचं."

गोपशेठ एवढं बोलले आणि माझ्याकडे न बघता चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. शेठ घाबरले की चष्मा पुसायचे. त्यांच्याकडे काम करून मला अकरा वर्षं झाली होती, एवढं कळायला लागलं होतं.

टेबलासमोर प्रधानसाहेब बसले होते. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्यांचा कपडे धुण्याच्या पावडरचा कारखाना होता. माल ‘शुभ्रलता’ या नावाने विकायचे. बरण्यांची लेबलं, दुकानात टांगायची कार्डं, घरोघर वाटायची पत्रकं, सगळं आमच्याकडे छापून जायचं. आमच्या प्रेसचं निम्म्याहून जास्त काम त्यांचंच. एरवी ते माणूस पाठवायचे. त्या दिवशी स्वतः आले होते आणि समोरच्या चहावर साय धरली तरी कपाला हात लावला नव्हता.

"पहिल्या ऑर्डरचंच का, साहेब?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?" मग प्रधानसाहेब जरा आवाज उतरवून म्हणाले, "कोर्टाचं काम आहे रे. वकिलांनी मागितलंय."

मी शिडी लावून माळ्यावर चढलो. त्या पाकिटात काय आहे ते मला माहीत होतं.

छापखान्याबाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. नव्वदच्या आसपासचा काळ. कॉम्प्युटर आमच्यापर्यंत पोचला नव्हता. उल्हासनगरात, विठ्ठलवाडी डेपोच्या मागच्या गल्लीत आमचा प्रेस. तिथे मी खिळे जुळवायचो. खिळा म्हणजे शिशाचं एक एक अक्षर. ते उलटं असतं. उलटी अक्षरं ओळीने लावायची, आवळून बांधायची, शाई लावून कागदावर दाबायची, की सुलटी उमटतात. मशीनवर चढवण्याआधी एक कच्चा कागद काढून गिऱ्हाइकाला दाखवायचा. त्याला प्रूफ म्हणतात. गिऱ्हाईक त्यावर पेनाने चुका काढतो, सही करतो, मग छपाई. पुढे भांडण नको म्हणून आमच्याकडे प्रत्येक कामाचं एक खाकी पाकीट असायचं. गिऱ्हाइकाचा मूळ कागद, सगळी प्रुफं आणि छापून झालेला एक नमुना, हे सगळं त्यात घालून माळ्यावर ठेवायचं. याला जॉब पाकीट म्हणतात. बहुतेक प्रेसवाले सहीचं शेवटचं प्रूफ ठेवून बाकीची फेकून देतात. गोपशेठ एकही कागद फेकू द्यायचे नाहीत. लहानपणी, फाळणीत, सिंधमधलं सगळं मागे टाकून आलेलं घर होतं त्यांचं. सुतळीचा तुकडाही जपून ठेवायचे.

पाकीट लगेच सापडलं. उघडलं. पहिलं प्रूफ वर होतं. त्यात तळाशी मी जुळवलेल्या तीन ओळी होत्या, कारखान्याच्या केमिस्टने लिहून दिलेल्या: ‘या पावडरीत सोड्याचे प्रमाण अधिक आहे. हाताला जखम असल्यास वापरू नये. वापरानंतर हात स्वच्छ पाण्याने धुवावेत.’ त्यांच्यावर लाल पेनाची फुली. बाजूला प्रधानसाहेबांच्या हाताने: ‘हे काढा. इथे टाका – सोडाविरहित. हातांना मऊ. तान्ह्या बाळाच्या कपड्यांसाठीही.’ खाली सही.

दुसऱ्या प्रुफात मी ते तसंच जुळवलं होतं. ‘हातांना मऊ’ साहेबांना जाड अक्षरात हवं होतं. जाड खिळे कमी पडले म्हणून मी शेजारच्या प्रेसमधून ‘ऊ’ उसना आणला होता. काम छान झालं म्हणून शेठने मला वडापाव खिलवला होता. काढलेल्या ओळींचा मी विचारही केला नाही. आमचं काम जुळवायचं. विचार गिऱ्हाइकाने करायचा.

आता सुमनमावशीबद्दल.

मी किनवटकडचा. सातवी झाल्यावर शाळा सुटली आणि पंधराव्या वर्षी गावातल्या एकाबरोबर इकडे आलो. पहिल्याच पावसाळ्यात कावीळ झाली. बरोबरचा माणूस पळाला. गोपशेठने मला दवाखान्यात नेलं आणि महिनाभर त्यांच्या घरून पथ्याचा डबा आला. आजारपणाचं पत्र आईला पोचलं तोवर मी बरा होऊन कामावर होतो. हे मी विसरलो नाही आणि विसरणार नाही. पुढे अंबरनाथला बुवापाड्यात खोली भाड्याने घेतली तेव्हा शेजारच्या सुमनमावशीकडे जेवणाची सोय झाली. मावशी महाडकडची. नवरा नाही. चार घरची धुणीभांडी करून माझ्यासारख्या तिघांना जेवायला घालायची. महिन्याचे पैसे चार दिवस उशिरा दिले तरी माझ्या ताटातली भाकरी तिने कधी कमी केली नाही. म्हणजे या मुलखात माझ्यावर दोन माणसांचे उपकार. एक शेठ, एक मावशी.

शुभ्रलताची पहिली बरणी मीच मावशीला नेऊन दिली. कारखान्यातून प्रेसला दोन बरण्या भेट आल्या होत्या. आम्ही त्या पावडरने हाताची शाई धुवायचो. रॉकेलने न जाणारी शाई तिने जायची. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. छापखान्याची शाई काढणारी पावडर हाताला मऊ कशी असेल? पण मी उलट खुशीत होतो.

"काय लिवलंय रे वर?" मावशीला वाचता येत नव्हतं.

"सोडा नाही. हातांना मऊ आहे," मी म्हणालो. "मीच जुळवलंय ते."

"तू लिवलंयस व्हय? मग चांगलीच असंल."

पुढे ती विकत आणून वापरायला लागली, चारही घरी. दीड महिन्यात तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, मग कातडी सोलली, मग पाणी लागलं तरी ओरडायची. दोन घरची कामं सुटली. आमचं पीठ मळायला शेजारीण यायची. मावशी एकटी नव्हती. बुवापाड्यात आणि तिकडे बदलापूर गावात बऱ्याच बायकांचं तेच झालं होतं. दोन तान्ह्या पोरांच्या अंगाला चट्टे उठले होते.

अंबरनाथच्या एका निवृत्त शिक्षिका, उपासनीबाई, ग्राहकांच्या तक्रारींचं काम करायच्या. त्यांनी अकरा बायका गोळा केल्या आणि ठाण्याच्या ग्राहक मंचात केस घातली. ही नेहमीच्या केसपेक्षा वेगळी असते. एकाच कारणाने शेकडो लोकांचं नुकसान झालं, तर प्रत्येकाने वेगळं भांडायची गरज नाही. थोड्या लोकांनी मंचाची परवानगी काढायची आणि सगळ्यांच्या वतीने एकच केस लढायची. मंचाने परवानगी दिली होती.

पण कंपनीने उत्तर दिलं: आमच्या लेबलावर सूचना पहिल्यापासून आहे. बायकांनी वाचली नाही, त्याला आम्ही काय करणार? आणि बाजारातल्या नव्या बरण्यांवर सूचना खरोखरच होती. केस लागल्यावर गुपचूप घातलेली. ती लेबलं आमच्याकडे छापली नव्हती. आता बायकांना दाखवायचं होतं की जुन्या बरणीवर ती नव्हती. आणि जुनं लेबल एकाही बाईकडे नव्हतं. शुभ्रलताची बरणी चांगली होती, जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची. पावडर संपली की बायका ती गरम पाण्यात बुडवायच्या, लेबल खरवडून काढायच्या आणि तुरडाळ भरायच्या. सगळ्या बुवापाड्याच्या फळ्यांवर त्या बरण्या चकाचक उभ्या होत्या. निम्म्या बायकांनी तर पावडर बरणीसाठीच घेतली होती.

म्हणजे जुन्या लेबलाचा पुरावा जगात एकाच ठिकाणी होता आणि तो माझ्या मांडीवर होता.

"मिळालं का?" खालून शेठ.

मी ते पाकीट लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सरकवलं आणि खाली उतरलो.

"सापडत नाही, शेठ."

शेठशी मी पहिल्यांदा खोटं बोललो. शेठने चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं, परत काढला.

"बघू, मिळेल," प्रधानसाहेब म्हणाले. "मिळालं की मला द्या, माझ्याकडे सुरक्षित राहील. आणि गोपशेठ, एक छोटं काम. पहिलं लेबल परत जुळवा. तसंच, तेच खिळे. फक्त खाली ती सूचना टाका. दोनशे कॉपी."

"इंप्रिंट लाइन?" मी विचारलं.

इंप्रिंट लाइन म्हणजे लेबलाच्या अगदी कडेला मुंगीएवढ्या अक्षरात प्रेसचं नाव, जॉब नंबर आणि महिना.

"जुनीच ठेवायची. नंबर जुना, महिना जुना."

प्रेसमध्ये छपाईचं ट्रेडल मशीन चालू होतं. तरी सगळं थांबल्यासारखं वाटलं.

"साहेब, ये तो..." शेठ अडखळले. "जुना महिना कसा टाकणार?"

"शेठ, मी काय खून करायला सांगतोय का? तुमच्या इथल्या दिवाळीपासून दिवाळीपर्यंतच्या कामाचा विचार करा. आणि ‘मऊ’ काय मी एकट्याने लिहिलं? सगळे लिहितात. नाही लिहिलं तर दुकानदार माल ठेवत नाही."

"ती जुळणी मोडली साहेब," शेठ म्हणाले. "खिळे वेगळ्या कामात गेलेत. दस दिन लगेंगे."

हे खोटं होतं. खिळे माझ्या पाठीमागच्या खणात होते. प्रधानसाहेब उठले. "दहा दिवस माझ्याकडे नाहीत," एवढंच म्हणाले आणि गेले.

शेठने मला बाकड्यावर बसवलं.

"सच बोल. वर आहे?"

"आहे."

"कुठे?"

मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "नको. मेरे को मत बता. मला माहीत नसलं की मी खरं बोलू शकतो, नाही सापडत म्हणून." मग म्हणाले, "मारुती, ये आदमी गेला तर एक मशीन बंद. दोन माणसं घरी. तू सांग मी काय करू?"

मी काय सांगणार? मी सातवी पास. डोळ्यांसमोर एकदा पथ्याचा डबा यायचा, एकदा मावशीची बोटं.

रविवारी दुपारी मावशीकडे जेवायला गेलो तर उपासनीबाई बसल्या होत्या. बारीक चणीच्या, मांडीवर फाईल. मावशी हाताला खोबरेल लावत होती. पेरांच्या भेगा लालभडक दिसत होत्या.

"हा बघा बाई, छापखानावाला," मावशी म्हणाली. "ह्यानंच आणली होती मला. म्हणं, मीच लिवलंय."

"मावशी, पुरे की," मी म्हणालो.

"का? खोटं हाय का? ताट घे मेल्या, थंड होतंय."

उपासनीबाई एकदम सरळ झाल्या. "ते लेबल तुम्ही छापलं? तुमच्या प्रेसमध्ये?"

मी मान डोलावली.

"नमुना असेल ना एखादा?"

"प्रेसमध्ये सगळं शेठचं असतं, बाई. मी कामगार आहे."

"मी चोरून आणायला सांगत नाहीये. मंचाला समन्स काढता येतं. समन्स म्हणजे हुकूम, अमुक कागद घेऊन हजर राहा. पण कागद आहे हे मला अर्जात लिहावं लागेल. नाहीतर मंच म्हणेल, अंदाजाने दगड मारताय."

"माझं नाव येईल?"

"प्रेसचं नाव येईल. पण शेठना कळेल. खोटं नाही सांगत तुम्हाला."

मावशी मध्ये पडली. "बाई, सोडा त्याला. त्याचा शेठ चांगला मानूस हाय. काविळीत मरत होता तर त्यानं वाचवलाय. माझी बोटं काय, होतील बरी." आणि माझ्या ताटात आणखी भात वाढायला तिने चमचा घेतला. चमचा तिला धरवेना. तळहातात दाबून, मूठ न मिटता वाढला.

"नमुना आहे," मी म्हणालो. "आणि पहिलं प्रूफही आहे. लाल पेनाचं."

बाईंनी प्रूफ म्हणजे काय ते विचारलं. मी सगळं सांगितलं. जेवण तसंच राहिलं. मावशीने त्यावर झाकण घातलं.

पंधरा दिवसांनी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. शेठने समन्स वाचलं. दोनदा वाचलं. मी खिळ्यांच्या खणासमोर उभा होतो, पण एक अक्षर हाताला लागत नव्हतं.

"‘पहिल्या प्रुफासह’," शेठने वाचून दाखवलं. "मारुती, पहिलं प्रूफ पण आपण ठेवतो. सगळ्या उल्हासनगरमध्ये कोण ठेवतो? बाहेरच्या बाईला कसं समजलं?"

"मी सांगितलं, शेठ."

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की ओरडले असते तर बरं झालं असतं.

"विचारायचं तरी," म्हणाले. "एक बार पूछ तो लेता." मग समन्सची घडी घातली. "आता तूच ये माझ्याबरोबर. तूच उभा राहा. सांग, माळ्यावर वाळवी लागली, कागद खाल्ले. तू बिघडवलंस, तू मिटव."

तारखेच्या दिवशी सकाळी मी माळ्यावर चढलो आणि पाकीट काढून पिशवीत घातलं. वर डब्याचं फडकं टाकलं. का घेतलं? शपथेवर वाळवी सांगायची आणि पाकीट ठेवायचं पिशवीत, याला काही अर्थ नाही हे मलाही कळत होतं. पण मागे ठेवायची हिंमत झाली नाही. ठाण्यापर्यंत शेठ चष्मा पुसत बसले.

मंच म्हणजे सिनेमातलं कोर्ट नव्हे. एक मोठी खोली, एक लांब टेबल. मधे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एक बाई, हे सदस्य. आमच्या अकरा बायका मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. मावशीने हात पदराखाली घेतले होते. प्रधानसाहेब पुढे, वकिलाशेजारी. त्यांनी शेठना नमस्कार केला. शेठनेही केला.

प्रेसतर्फे माझं नाव पुकारलं. शपथ झाली.

"रेकॉर्ड आणलंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

‘वाळवी’ हा शब्द जिभेवर होता. पुढे सरकत नव्हता.

तेवढ्यात कंपनीचे वकील उठले. माणूस गडबडलाय असं त्यांना वाटलं असावं आणि त्याचा फायदा घ्यावा असंही वाटलं असावं. "सर, कशाला त्या गरीबाला त्रास? पहिल्या लॉटची मूळ लेबलं आम्हीच दाखल करतोय. याच प्रेसची आहेत. खाली प्रेसचं नाव आहे, जॉब नंबर आहे, महिना आहे. सूचना स्पष्ट आहे. त्याला दाखवू द्या, तोच ओळखेल."

लेबल माझ्या हातात आलं. तेच चित्र, तेच रंग, तीच जाड ओळ. खाली तीन ओळींची सूचना. कडेला आमच्या प्रेसचं नाव आणि जुना महिना. डोळ्यांना फरक दिसेना. क्षणभर मलाच वाटलं, आपणच विसरलो की काय.

मग सवयीने मी कागद उलटा करून मागून अंगठा फिरवला.

खिळ्याची छपाई कागदावर दाबून होते. शिशाचं अक्षर कागदात रुततं आणि मागच्या बाजूला फुगवटा येतो. आंधळा माणूससुद्धा बोटाने सांगेल. ऑफसेट नावाच्या नव्या मशीनची छपाई सपाट असते, रबरावरून कागदावर फक्त शाई उतरते. आमच्याकडे ऑफसेट मशीन नव्हतंच. हातातलं लेबल मागून काचेसारखं गुळगुळीत होतं.

दहा दिवस थांबायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांनी दुसरीकडे जाऊन काम करून घेतलं होतं.

"साहेब, हे आमचं नाही," मी म्हणालो.

"नाही कसं?" वकील हसले. "नाव तुमचं, नंबर तुमचा. शिक्षण किती तुमचं?"

"सातवी."

"सातवी. आणि नुसता अंगठा फिरवून सांगताय?" मागे कोणीतरी हसलं. "मालकाने पढवून पाठवलंय वाटतं."

"मैंने नहीं पढ़ाया।"

गोपशेठ मागच्या बाकावरून उठले होते. चष्मा हातात नव्हता, डोळ्यांवर होता. त्यांना कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी हात वर केला, पण शेठ चालत पुढे आले आणि माझ्या हातातलं लेबल घेऊन त्यांनीही मागून अंगठा फिरवला. त्यांचे कान लाल झाले.

"सर, मी मालक. या लेबलावर नाव माझं आहे, माल माझा नाही. मी याला वेगळंच शिकवून आणलं होतं. शरम की बात है, पण शपथेवर विचाराल तर सांगेन. लेकिन माझ्या नावाने दुसरा माणूस छापणार? तीस वर्षं झाली ही लाइन टाकतोय. आज ये आया, कल कोई दवाई का लेबल छापेगा मेरे नाम से." आणि माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "पाकीट दे त्यांना."

"शेठ?"

"पिशवी सकाळपासून छातीशी धरून बसलायस. मी काय आंधळा आहे?"

मी फडकं बाजूला करून पाकीट टेबलावर ठेवलं. शेठची रीतसर शपथ झाली. वकिलांनी हरकत घेतली, ती लिहून घेतली गेली. मग सदस्यबाईंनी आमचा खरा नमुना घेतला, दुसऱ्या हातात कंपनीचं लेबल घेतलं आणि डोळे मिटून दोन्हींच्या मागून बोट फिरवलं. काही न बोलता दोन्ही अध्यक्षांकडे सरकवली. अध्यक्षांनीही तेच केलं. नंतर पहिलं प्रूफ निघालं. लाल फुली. बाजूचं अक्षर. सही.

"ही सही तुमची का?" अध्यक्षांनी प्रधानसाहेबांना विचारलं.

प्रधानसाहेब वकिलाकडे बघत राहिले. वकील स्वतःच्या फाईलकडे बघत होते.

"सही माझीच आहे," ते शेवटी म्हणाले.

निकाल लागायला त्यानंतर बरेच महिने गेले. ‘सोडाविरहित’ आणि ‘हातांना मऊ’ लेबलावरून आणि जाहिरातीतून काढायचं. ज्या पेपरांत जाहिरात दिली त्यांत कंपनीच्या खर्चाने खुलासा छापायचा. अकरा बायकांना भरपाई, आणि ठरलेल्या मुदतीत जो कोणी रिकामी बरणी दाखवेल त्यालाही पावडरीचे पैसे परत. खोट्या लेबलांचं वेगळं प्रकरण पोलिसांकडे गेलं. कंपनी वरच्या आयोगाकडे गेली, तिथे वर्षभर रखडली आणि शेवटी तडजोड करून मोकळी झाली. मावशीचे हात बरे झाले, पण उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत ती नाहीतच. भाकरी ती थापू लागली, थोडी वाकडी.

आमचंही झालं ते झालं. प्रधानसाहेबांचं काम गेलं. ते बघून आणखी दोन कारखानदार गेले. ‘हा प्रेसवाला कागद कोर्टात नेतो’ असं बाजारात पसरलं. एक मशीन विकलं. एक माणूस स्वतःहून सोडून गेला. मला वाटायचं, आज ना उद्या शेठ मला जायला सांगतील, आणि सांगितलं तर मी काही न बोलता जाईन. चार महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका सकाळी खताच्या पिशव्यांचं लेबल घेऊन एक नवं गिऱ्हाईक आलं. शेठने त्याला समोर बसवलं, त्याचा मजकूर माझ्या हातात दिला आणि त्याच्यादेखत म्हणाले, "हा वाचेल आधी. याला पटलं तर छापू. नाही तर समोर दुसरा प्रेस आहे."

ते गिऱ्हाईक समोरच्या प्रेसमध्ये गेलं. शेठने चहा मागवला, दोन कप.

त्यानंतर सव्वीस वर्षं मी याच धंद्यात काढली, पुढे ऑफसेटवर आणि मग कॉम्प्युटरवरही. नव्या मुलांना दोन गोष्टी सांगत आलो. पहिलं प्रूफ फेकायचं नाही. छापलेलं सगळ्यांना दिसतं, छापताना काय काढलं ते फक्त आपल्याकडे राहतं. दुसरी गोष्ट मी स्वतःही पाळतो. घरात कोणी डबा पुढे करून वर काय लिहिलंय विचारलं, तर मी ‘असं लिहिलंय’ एवढंच म्हणतो. तसं आहे की नाही, ते मला माहीत नसतं.